छापील उत्तरातला सुरगाणा

२०२२ सालच्या शेवटी नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात एक मागणी पुढे आली आणि मुंबईत एकदम धावपळ उडाली. गुजरात सीमेलगतच्या काही गावांनी सरकारला निवेदन दिले : रस्ते, पाणी, दवाखाना, वीज एवढेही धड देता येत नसेल तर आम्हाला गुजरातेत घाला. त्याच सुमारास सांगलीतल्या जत तालुक्यावरून कर्नाटकाशी वाद पेटला होता, त्यामुळे या निवेदनाची दखल एरवीपेक्षा लवकर घेतली गेली. मंत्री, अधिकारी, बैठका, सगळे सुरू झाले.

गावकऱ्यांचे म्हणणे साधे होते. ओढ्यापलीकडे डांगात किंवा धरमपुरात जा, डांबरी रस्ता पाड्यापर्यंत गेलेला दिसतो. अलीकडे तो मध्येच संपतो. सरकारचे म्हणणेही तितकेच साधे असते. आदिवासी भागासाठी इतके कोटी मंजूर केले, इतके दिले, इतकी कामे प्रगतिपथावर आहेत. ऐकणाऱ्याला वाटते, दोघांपैकी कोणीतरी खोटे बोलत असणार. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. सभागृहात मंत्री जो आकडा सांगतो तो सहसा खोटा नसतो. तो विचारलेल्या प्रश्नाएवढाच खरा असतो. हे कसे घडते, ते या प्रकरणात पाहू.

उत्तर तयार होते कुठे?

विधिमंडळाचे कामकाज दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्याला वाटते की आमदार उठून प्रश्न विचारतो आणि मंत्री उभ्या उभ्या उत्तर देतो. प्रत्यक्षात तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी लेखी दिलेला असतो. तो विधानमंडळ सचिवालयातून संबंधित खात्याकडे जातो. खात्यातल्या कार्यासनाकडून तो आयुक्तालयाकडे आणि तिथून प्रकल्प कार्यालयाकडे उतरतो. सुरगाण्याचा प्रश्न असेल तर तो मंत्रालयातून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयात आणि तिथून कळवणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पात येतो. मग माहिती त्याच पायऱ्यांनी वर चढते. प्रत्येक पायरीवर एक ओळ गळते, एक विशेषण सौम्य होते.

शेवटी दोन कागद तयार होतात. एक छापील उत्तर, जे सदस्यांच्या हाती पडते. दुसरी मंत्र्यांसाठीची पूरक टिपणी, जी फक्त मंत्र्यांकडे असते. आमदार पुढे काय विचारू शकेल याचा अंदाज बांधून अधिकाऱ्यांनी त्यात आकडे भरलेले असतात. म्हणून अनुभवी आमदार छापील उत्तर वाचून दाखवण्यात वेळ घालवत नाहीत. ते टिपणीतला आकडा बाहेर काढतील असा उपप्रश्न विचारतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते, त्यावर उपप्रश्न नाही. तारांकित असूनही वेळेअभावी जो प्रश्न पुकारला गेला नाही, त्याचेही फक्त छापील उत्तरच हाती राहते. लक्षवेधी सूचना आणि अर्ध्या तासाची चर्चा ही आणखी दोन आयुधे. पण आकडे काढायचे तर प्रश्नासारखे हत्यार नाही.

एक नमुना

महाराष्ट्र विधानसभेतल्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. त्या साच्यात सुरगाण्याचा एक काल्पनिक प्रश्न घालून पाहू.

सन्माननीय आदिवासी विकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :

(१) सुरगाणा (जि. नाशिक) तालुक्यातील अनेक पाड्यांना बारमाही रस्ता नसल्याने पावसाळ्यात रुग्णांना डोलीतून न्यावे लागते, हे खरे आहे काय;

(२) असल्यास, सदर रस्त्यांकरिता मंजूर झालेला निधी अखर्चित राहिल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय;

(३) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय व तदनुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;

(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आता उत्तर, तेही ठरलेल्या साच्यातले :

(१) हे अंशतः खरे आहे.
(२) हे खरे नाही.
(३) प्रस्तावित कामांपैकी काही कामे प्रगतिपथावर आहेत.
(४) प्रश्न उद्भवत नाही.

या चार ओळींत एकही असत्य नसू शकते. पहिल्या भागात आमदाराने दोन गोष्टी एकत्र बांधल्या : रस्ता नाही, आणि डोली करावी लागते. त्यातली कोणती अंशतः खरी, हे सांगण्याची सक्ती मंत्र्यावर नाही. दुसऱ्या भागात ‘अखर्चित’ हा शब्द आला आणि तिथेच प्रश्न निसटला. कोषागारातून पैसे जिल्हा परिषदेकडे किंवा दुसऱ्या कार्यान्वयन यंत्रणेकडे वर्ग झाले की खात्याच्या हिशेबी तो खर्च झाला. खडी पडली की नाही, हा वेगळा विषय. तिसऱ्या भागात किती कामे, कोणती, कधी सुरू झाली, हे विचारलेच नव्हते. चौथा भाग ‘नसल्यास’ने सुरू होतो, कार्यवाही सुरू आहे म्हटल्यावर तो आपोआप बाद होतो. चार प्रश्न विचारले आणि हाती एकही आकडा आला नाही.

दहा कोटींचे तीन अर्थ

सरकारी खर्चाच्या उत्तरांत तीन निरनिराळ्या रकमा असतात आणि तिघींनाही बोलताना ‘निधी’च म्हटले जाते. पहिली तरतूद, म्हणजे अर्थसंकल्पात दाखवलेली रक्कम. दुसरी वितरित रक्कम, म्हणजे वर्षभरात अर्थसंकल्प वितरण प्रणालीवर खात्याला प्रत्यक्ष उपलब्ध झालेली. तिसरा खर्च.

समजा, एखाद्या योजनेला दहा कोटींची तरतूद झाली. वर्षभरात सहा कोटी वितरित झाले, त्यातले पाच कोटी खर्च झाले. मंत्री म्हणतील, ‘उपलब्ध निधीपैकी ८३ टक्के निधी खर्च झाला आहे.’ विरोधी पक्ष म्हणेल, ‘अर्धाच निधी खर्च झाला.’ दोन्ही गणिते बिनचूक आहेत. एकाने पाचाला सहाने भागले, दुसऱ्याने दहाने. एवढ्यात सुधारित अंदाजात तरतूदच सहा कोटींवर आणली गेली, तर पुढच्या वर्षी जुन्या दहा कोटींचा उल्लेख कोणत्याही ताज्या तक्त्यात सहजी सापडणार नाही. त्यात मार्चअखेरची घाई असते. ३१ मार्चला रक्कम व्यपगत होऊ नये म्हणून ती यंत्रणेच्या खात्यावर जाते, आणि आकडा एका रात्रीत देखणा होतो.

आदिवासी भागाला ही बारकाई जास्त लागू पडते, कारण तिथला पैसा वेगळ्या वाटेने येतो. पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून आदिवासी उपयोजना सुरू झाली. राज्याच्या योजनेतला आदिवासींचा हिस्सा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात असावा, आणि तो हिस्सा आदिवासी विकास खात्याच्याच हाती एकत्र द्यावा, ही सुकथनकर समितीची शिफारस महाराष्ट्राने १९९३-९४पासून अमलात आणली. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ९.३५ टक्के आहे. त्यामुळे ‘लोकसंख्येच्या प्रमाणात तरतूद केली आहे’ हे वाक्य सभागृहात छातीठोकपणे म्हणता येते. पण प्रमाण पाळले जाते ते तरतुदीत. खर्चाचे प्रमाण काढायला दुसरा प्रश्न विचारावा लागतो.

सरासरीत हरवलेला तालुका

२०११ला सुरगाण्याची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती, आणि शंभरातले पंच्याण्णवहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे. कोकणा, महादेव कोळी, वारली यांचा हा तालुका. पेठ आणि कळवणप्रमाणे हा संपूर्ण तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येतो. पण सरकारी तक्त्यात तो बहुधा ‘नाशिक’ या एका ओळीत बसतो. त्या ओळीत निफाड-दिंडोरीची द्राक्षे आहेत, लासलगावचा कांदा आहे, सातपूर-अंबडचे कारखाने आहेत, ओझरचा विमान कारखाना आहे. जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न सांगितले की सुरगाण्याच्या नागली-भाताच्या उताराच्या शेतावरही द्राक्षवेलीची सावली पडते. जिल्हा उत्पन्नाचे अंदाज राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढते. तालुक्याचे तसे नियमित अंदाज निघत नाहीत.

प्रादेशिक असमतोलाचा महाराष्ट्रातला सगळा वादच मोठ्या एककांत झाला. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालची सत्यशोधन समिती १९८३ साली नेमली गेली आणि तिने पुढच्याच वर्षी अहवाल दिला. तिने जिल्हा हे एकक धरले आणि राज्याच्या सरासरीपेक्षा जो जिल्हा मागे, त्याचा अनुशेष मोजला. एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांच्या घरात निघाला. पुढच्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ या तारखेला तो १४,००६ कोटींच्या वर असल्याचे दाखवले. १९९४ साली अनुच्छेद ३७१(२)खाली तीन विकास मंडळे आली : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. सुरगाणा या तिसऱ्या मंडळात, म्हणजे पुणे-कोल्हापूर-ठाण्याच्या पंगतीला जाऊन बसला. विदर्भ-मराठवाड्याच्या आमदाराला निदान आपल्या प्रदेशाचा आकडा मागता येतो. डोंगराळ तालुका जेव्हा संपन्न प्रदेशात असतो, तेव्हा त्याच्या नावाचा स्तंभच तक्त्यात नसतो.

प्रतिनिधित्वाचेही तेच. पूर्वी सुरगाणा नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. २००८च्या पुनर्रचनेनंतर तो कळवण मतदारसंघात विलीन झाला. आता प्रश्नपत्रिकेत ‘सुरगाणा’ छापून यायला कळवणच्या आमदाराने तो शब्द मुद्दाम लिहावा लागतो.

बिल निघते तिथे खर्च

‘तालुकानिहाय माहिती ठेवण्यात येत नाही’ असे उत्तर आले की आमदार चिडतात. यात टाळाटाळ असतेच, पण हिशेबाची एक खरी अडचणही असते. सरकारी लेखे लेखाशीर्षानुसार आणि आहरण व संवितरण अधिकाऱ्यानुसार ठेवले जातात. बिल कोणत्या कार्यालयाने काढले, ते कळते. काम कोणत्या पाड्यावर झाले, ते लेख्यातून कळत नाही. सुरगाण्यातल्या आश्रमशाळेचे काम असेल आणि बिल नाशिकच्या कार्यालयातून निघाले, तर तो खर्च नाशिकच्या नावावर लागतो. उलट, नाशिक शहरातल्या आदिवासी वसतिगृहात शिकणाऱ्या सुरगाण्याच्या मुलीवरचा खर्च कोणाचा मानायचा?

हा पेच जगात सगळीकडे आहे. ब्रिटनचे अर्थखाते प्रदेशवार सरकारी खर्चाचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करते आणि त्यात नियम असा धरते की, खर्च कुठे केला यापेक्षा तो कोणत्या प्रदेशातल्या लोकांच्या लाभासाठी केला हे पाहायचे. जो खर्च असा वाटताच येत नाही, तो वेगळा दाखवायचा. म्हणजे ही माहिती तयार करता येते. ती तयार करण्याचा निर्णय मात्र आधी घ्यावा लागतो. आपल्याकडे पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रातल्या, ग्रामपंचायतींना २०१५पासून आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के निधी थेट मिळतो. या अबंध निधीचा हिशेब गावाच्या नावानेच होतो, त्यामुळे सुरगाण्याच्या कोणत्या गावाला किती मिळाले याचे उत्तर अडत नाही. वाटच गावापर्यंत काढली की आकडाही गावापर्यंत जातो.

आकड्याची तारीख

सुरगाण्यात पावसाळ्यात नार, पार या नद्या दुथडी वाहतात आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन झऱ्याकाठी बसतात. अर्थसंकल्पी अधिवेशन बहुधा मार्चमध्ये असते. ‘आजमितीस तालुक्यात टँकर सुरू नाही’ हे उत्तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात अगदी खरे असू शकते. टंचाईचा कळस मेमध्ये असतो, तेव्हा सभागृह बंद असते.

शाळेचेही तसेच. शाळांच्या सांख्यिकीसाठी पटसंख्येची संदर्भ तारीख वर्षानुवर्षे ३० सप्टेंबर राहिली आहे. त्या दिवशी सुरगाण्यातले कुटुंब घरी असते, कारण भात-नागली अजून शेतात असते. दिवाळीनंतर अनेक घरांना कुलूप लागते आणि माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात; लहान पोरे सोबत जातात. सप्टेंबरचा पट विचारला तर शाळा भरलेली दिसेल. जानेवारीची हजेरी विचारली तर वेगळी गोष्ट कळेल.

कुपोषणाच्या प्रश्नावरचे उत्तर तर पाठच झाले आहे : बालमृत्यू कुपोषणामुळे झालेले नसून कमी वजन, न्यूमोनिया, अतिसार, मुदतपूर्व प्रसूती अशा विविध कारणांनी झाले आहेत. मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून आजार लिहिला जातो, त्यामुळे कागदावर हे टिकते. पण बाळ कमी वजनाचे का जन्मले, हा प्रश्न त्या उत्तराच्या बाहेर राहतो. ऑगस्ट २०२२च्या अधिवेशनात अशाच उत्तरावरून विधानसभेत गदारोळ झाला आणि विरोधकांनी सभात्याग केला. कारण विचारण्याऐवजी शून्य ते पाच वयोगटातले एकूण मृत्यू तालुक्यानुसार आणि महिन्यानुसार मागितले असते, तर वाद शब्दांवरून आकड्यांवर आला असता.

आणि या सगळ्याचा भाजक अजून २०११चाच आहे. २०२१ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ‘दरडोई’ म्हणून सभागृहात येणाऱ्या आकड्यात वरची रक्कम ताजी आणि खालची माणसे जुनी किंवा अंदाजाने वाढवलेली असतात.

गोखल्यांपासूनची परंपरा

सरकारला आकड्यांवरून प्रश्न विचारण्याची विद्या मराठी माणसाला नवी नाही. १८९२च्या कायद्याने कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारण्याचा मर्यादित हक्क मिळाला, आणि १९०९च्या कायद्याने उपप्रश्नाचा. या दोन कायद्यांच्या मधल्या काळात, १९०२ साली, गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कौन्सिलात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकार शिलकी अर्थसंकल्प मिरवत होते. दुष्काळाने पिचलेल्या रयतेवर करांचा बोजा कायम ठेवून ही शिल्लक उभी राहिली आहे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. हे आकडे कसे वाचायचे, हे त्यांना गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अभ्यासकाकडून मिळालेले शिक्षण होते. पुढे पुण्यात गोखल्यांच्याच नावाची अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, आणि अनुशेष मोजणारे दांडेकर त्याच संस्थेचे संचालक होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या पायाभरणीतही ही जाण आहे. १९५३च्या नागपूर करारात निरनिराळ्या विभागांवरचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात करावा आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असे लिहिले गेले. विकास मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी सभागृहात ठेवण्याची तरतूद अनुच्छेद ३७१(२)मध्येही आहे. पण कागद तयार असणे आणि तो वेळेवर पटलावर येणे यांत अंतर असते. प्रादेशिक असमतोलावरच्या विजय केळकर समितीने ऑक्टोबर २०१३मध्ये दिलेला अहवाल सभागृहात आला तो डिसेंबर २०१४मध्ये. विकास मंडळांची मुदत तर ३० एप्रिल २०२०ला संपली.

पटलावर आले तरच खरे

सभागृहातल्या शब्दाला वजन का असते, हे सुरगाण्याच्या शेतकऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही. ६ मार्च २०१८ला नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च १२ मार्चला पहाटे आझाद मैदानावर पोचला. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा रात्री चालून काढलेला. नाशिकच्या आदिवासी तालुक्यांतली माणसे त्यात मोठ्या संख्येने होती, आणि नेतृत्वात सुरगाण्याचे अनेक वर्षांचे आमदार जिवा पांडू गावित होते. वनहक्काचे दावे आणि नार-पारचे पाणी या त्यातल्या ठळक मागण्या. सरकारने लेखी आश्वासन दिले. पाच वर्षांनी, मार्च २०२३मध्ये, वनहक्कासकट अनेक जुन्या मागण्या घेऊन मोर्चा पुन्हा निघाला. या वेळी तो वाटेत वाशिंदला थांबला आणि मुख्यमंत्र्यांनी सभागृहात निवेदन केल्यानंतरच परतला.

दालनातल्या बैठकीत दिलेला शब्द हवेत राहतो. सभागृहात मंत्र्याने ‘कार्यवाही करण्यात येईल’ म्हटले की ते आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. लोकसभेत अशी समिती १९५३पासून आहे. म्हणूनच मुरलेले मंत्री ‘करण्यात येईल’ टाळून ‘तपासून पाहण्यात येईल’ म्हणतात. मंत्र्याने आकडाच चुकीचा वापरला, तर? आपल्याकडे सदस्य हक्कभंगाची सूचना देऊ शकतो, पण ते हत्यार राजकारणाच्या धारेचे आहे. ब्रिटनमध्ये २००८पासून एक स्वतंत्र संख्याशास्त्र प्राधिकरण आहे; आकड्यांचा गैरवापर झाला तर त्याचा अध्यक्ष थेट मंत्र्याला जाहीर पत्र लिहितो. २०१७मध्ये ब्रेग्झिटच्या ३५ कोटी पौंडांच्या आकड्यावरून परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांना असे पत्र गेले होते. आपल्या राज्यात असा पंच नाही, तोवर पंचाचे काम प्रश्न विचारणाऱ्यालाच करावे लागणार.

प्रश्न कसा मागावा

वरच्या नमुन्यातला प्रश्न आता नव्याने लिहू. ‘हे खरे आहे काय’ काढून टाका. त्याऐवजी लिहा : गेल्या तीन आर्थिक वर्षांत सुरगाणा तालुक्यातील पाडे-रस्त्यांसाठी तरतूद किती, वितरित किती, खर्च किती, यंत्रणेकडे वर्ग होऊन ३१ मार्च रोजी प्रत्यक्ष कामावर खर्च न झालेली रक्कम किती, मंजूर कामांची गावनिहाय यादी, कार्यारंभ आदेशाची आणि पूर्णत्वाची तारीख काय. या प्रश्नाला ‘अंशतः’ हे उत्तर देता येत नाही. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे उत्तर आलेच, तर तेही उपयोगाचे आहे : तीन वर्षे पैसे वाटणाऱ्या खात्याकडे ते कुठे गेले याची यादी नाही, हे त्याने लेखी मान्य केलेले असते.

असा प्रश्न फक्त आमदारानेच विचारावा असे नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, त्याला तीस दिवसांची मुदत आहे आणि कायद्याच्या कलम ४प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपली तरतूद आणि वाटप न मागताही जाहीर करायचे आहे. ग्रामसभेने तरतूद, वितरित रक्कम आणि खर्च हे तीन आकडे ठरावात घालून आमदाराकडे पाठवावेत. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात ‘आदिवासी भागासाठी इतक्या कोटींचा निधी’ अशी ओळ वाचाल, तेव्हा तीन गोष्टी विचारा : तरतूद की खर्च, जिल्ह्याचा की तालुक्याचा, आणि कोणत्या तारखेचा? या तिन्हींचे उत्तर नसेल तर तो आकडा जाहिरात समजून पान उलटा.